लाल खुणेच्या नोंदी

माझं काम ऐकलं की लोकांना वाटतं, हा दिवसभर मोबाईलवर खरेदी करत बसतो. मी ऑनलाइन दुकानं तपासतो. दुकानदार ग्राहकाची जन्मतारीख कशाला मागतोय, मागण्याआधी परवानगी घेतोय का, माल परत घ्यायची मुदत नीट दिसेल अशी लिहिली आहे का, तक्रार करायची तर कुणाकडे. एकशे बारा प्रश्नांची यादी असते आणि प्रत्येकापुढे फक्त हो किंवा नाही. तिसरं उत्तर नसतं, म्हणून मला ते काम आवडतं. माणसांशी बोलायला गेलं की नेहमी तिसरंच उत्तर येतं.

ताईच्या दुकानात मी पडायला नको होतं. पण रविवारी सकाळी तिचा फोन आला, "वकीलसाहेब, काहीतरी पत्र आलंय बघ, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही." मी वकील नाही, हे तिला तीस वर्षांपासून माहीत आहे.

ताई तान्ह्या बाळांची दुपटी शिवते आणि त्यांच्या कोपऱ्यात बाळाचं नाव आणि जन्मतारीख दोऱ्याने भरून देते. ज्या कंपनीच्या वेबसाइटवर तिने हे दुकान थाटलं होतं, त्या कंपनीचं ते पत्र होतं. दहा दिवसांत दुकान नियमात बसवा. त्यानंतर महिनाभर आम्ही लक्ष ठेवू. त्या महिन्यात ग्राहकाची एक जरी तक्रार खरी ठरली, तर दुकान कायमचं बंद.

ताईने पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर तिचं जिना उतरणं जवळपास संपलं होतं. जग तिला भेटायचं ते याच दुकानातून. ते गेलं तर तिच्याकडे शिलाई मशीन आणि भावोजी एवढंच उरणार होतं, आणि भावोजी फारसे बोलत नाहीत.

"काळजी करू नकोस," मी म्हटलं. "मी असली दोनशे दुकानं मार्गी लावलीत."

मी लॅपटॉप उघडला. 'आम्ही आपली माहिती कशी वापरतो' या पानावर पहिलंच वाक्य होतं: आपल्या लाडक्या कुत्र्याचे वजन व लसीकरणाचा तपशील आम्ही कोणालाही देत नाही.

"भावोजी, हे काय आहे?"

"दुसऱ्या एका दुकानावरून घेतलं," भावोजी शांतपणे म्हणाले. "कायदा सगळ्यांना सारखाच असतो ना?"

मी पुढे गेलो. प्रत्येक दुपट्याच्या फोटोखाली लिहिलं होतं, 'सध्या १७ जण हे पाहत आहेत'. मी पान बंद करून पुन्हा उघडलं. सतराच. दुसरं दुपटं पाहिलं. तिथेही सतरा.

"ताई, हे खोटं आहे. कुणीही बघत नाहीये. वेबसाइटच्या तयार साच्यातच तो आकडा येतो, ग्राहकाने घाई करावी म्हणून. याला फसवणूक म्हणतात."

ताईचा चेहरा पडला. "मी रोज सकाळी उठले की बघायचे रे. म्हणायचे, आपण झोपलो होतो तरी सतरा जण बघत होते."

भावोजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला माहीत होतं. पण तिला बरं वाटायचं."

ग्राहकांची दिशाभूल करणारे आकडे आहेत का? प्रश्न क्रमांक एकेचाळीस. उत्तर हो. पण ग्राहकांपैकी कुणी त्याकडे लक्ष दिल्याचं दिसत नव्हतं. फसलेली बाई एकच होती आणि ती दुकानाची मालकीण होती. मी हो वर खूण केली, मग खोडली, मग पुन्हा केली.

दुपारपर्यंत निम्मं काम झालं. आकडा काढला. कुत्र्याला निरोप दिला. तक्रार अधिकारी म्हणून कुणाचा तरी नंबर द्यावा लागतो. भावोजींनी हात वर केले, म्हणून माझाच टाकला. मग मी सहज विचारलं, "वाढदिवसाचे मेसेज कोण पाठवतं?" कारण ऑर्डर देताना ग्राहक तशा चौकटीत खूण करत होते.

"मीच पाठवते. वहीत बघून."

"कसली वही?"

मशीनच्या खणातून ताईने एक जाडजूड वही काढली. दुपट्यावर काय भरायचं हे विचारायला ती प्रत्येक ग्राहकाला स्वतः फोन करायची. आणि ताईचा फोन म्हणजे पाच मिनिटांत समोरची बाई माहेरची होते. बायका जे बोलतील ते ती लिहून ठेवायची. मी एक पान उघडलं. 'जुळी. धाकट्याला ऐकू कमी येतं, अजून कुणाला सांगितलं नाही. पार्सलवर बाळाचं काही लिहू नये, सासूबाई उघडतात.' मी घाईने वही मिटली. कुणाच्या तरी बंद दारातून आत डोकावल्यासारखं वाटलं.

"ताई, हे बेकायदेशीर आहे. मुलांच्या आजारपणाची माहिती! लेखी परवानगी नाही, काही नाही. अशी वही सापडली तर दुकान त्याच दिवशी बंद."

"त्यांनीच सांगितलंय की."

"लिहून ठेवा असं सांगितलंय का?"

ताई विचारात पडली. "काही जणी म्हणाल्या होत्या. काहींना मी वाचूनही दाखवलं होतं." मग तिने वही स्वतःकडे ओढली. "बरं, बाकीचं जाऊ दे. ज्यांच्यापुढे लाल खूण आहे, ती पानं तेवढी राहू देत."

"लाल खूण कशाची?"

"अरे, ती म्हणजे..."

"थांब!" मी ओरडलोच. "मला सांगू नकोस. तू मला सांगितलंस तर तो आणखी एक गुन्हा. मी परका माणूस आहे."

"तू माझा भाऊ आहेस."

"ग्राहकांसाठी परका. आणि लाल खुणेचं म्हणजे सगळ्यात नाजूक असणार. ते सगळ्यात आधी गेलं पाहिजे."

आज लिहिताना वाटतं, त्या वेळी कुणीतरी माझ्या कानाखाली वाजवायला हवी होती. पण मी नियमाने वागत होतो. अकरा वर्षं मी हेच शिकवत आलोय, की गरज नाही ते वाचू नये. मी न वाचता पानं फाडायला बसलो. ताईची कात्री घ्यायला गेलो तर तिने हातावर चापट मारली. कापडाची कात्री कागदाला लावली की धार जाते. म्हणून मी हातानेच फाडत राहिलो आणि तुकडे बादलीत भिजवले. ताई मशीनपाशी पाठ करून बसली होती. ती एवढंच म्हणाली, "बघ हं. तुला कळत असेल म्हणून गप्प बसते."

वाढदिवसाचे मेसेज मी वेबसाइटवरच लावून दिले. जन्मतारीख भरलेली आहे, चौकटीत खूण आहे, मेसेज आपोआप जाणार. कुणी हात लावायला नको. कंपनीने तपासलं आणि दुकानापुढे हिरवी खूण आली. ताईने मला जेवायला बोलावलं. मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

महिना संपायला सहा दिवस होते. मी ऑफिसात होतो. अनोळखी नंबर.

"तक्रार अधिकारी आपणच का?" एक बाई विचारत होत्या. आवाज हळू होता.

"हो. बोला."

"काल मला मेसेज आला. पहिल्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, बाळ आता पहिली पावलं टाकत असेल."

"हो, आपण ऑर्डर देताना चौकटीत खूण केली होती," मी धडाधड म्हणालो. "आपलं नाव काढायचं असेल तर लगेच..."

"ती नऊ दिवसच होती."

मला आधी कळलंच नाही. नऊ दिवस काय? माल पोचायला? मग कळलं.

"मी गेल्या वर्षी ताईंना फोन केला होता. दुपटं पाठवू नका म्हणून सांगायला. मग तासभर बोलत बसले. मी काय काय बोलले ते आता मला आठवत नाही. त्या दिवसांचं काहीच नीट आठवत नाही. पण त्या लिहून घेत होत्या, ते आठवतंय. आपल्याविषयी काय लिहून ठेवलंय ते ग्राहकाला मागता येतं ना? तुमच्याच पानावर लिहिलंय."

ते वाक्य मीच लिहिलं होतं. "येतं," मी म्हटलं.

"मग मला ते हवंय. घरात कुणी तिचा विषय काढत नाही. मी तिच्याबद्दल काय सांगितलं होतं, ते मला वाचायचंय."

या अर्जाला कायद्याने एक ठरलेलं उत्तर आहे. 'आपल्यासंबंधी अशी कोणतीही माहिती आमच्याकडे नाही.' अचूक उत्तर. मी ते शेकडो दुकानदारांना लिहून दिलंय. त्या दिवशी ते माझ्या तोंडून फुटेना. तासाभरात कळवतो म्हणालो आणि तडक ताईकडे गेलो.

ऐकून ताई रागावेल असं वाटलं होतं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने मशीनचा रिकामा खण उघडून पाहिला. "लाल खूण त्यांचीच होती रे. ज्यांची बाळं राहिली नाहीत. त्यांना मेसेज जाऊ नये म्हणून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तूच म्हणालास सांगू नकोस."

मला लाज वाटली, आणि भीतीही वाटली. आता ही तक्रार होणार, खरी ठरणार आणि माझ्यामुळे ताईचं दुकान जाणार. माफी मागायची, कायदा सांगायचा की खोटं बोलायचं, काहीच समजत नव्हतं. ताईने मात्र नंबर मागितला आणि फोन स्पीकरवर लावलादेखील. सगळ्यात आधी तिने विचारलं, "माझा भाऊ इथे बसलाय. त्याने ऐकलेलं चालेल का? नाहीतर त्याला बाहेर पाठवते."

"बसू दे," बाई म्हणाल्या.

"वही राहिली नाही हो," ताई म्हणाली. "आम्ही फाडली. चूक आमची. पण मला जेवढं आठवतंय तेवढं सांगू?"

"सांगा," बाई म्हणाल्या.

"तिची नखं फार वाढलेली होती. नर्सने हातांना मोजे घातले की ती एक मोजा काढून टाकायची, नेहमी डावा."

"उजवा," बाई म्हणाल्या. मग एकदम, "हो, उजवा! नर्स त्याला दोरा बांधायची."

"शिंकली की तीनदा शिंकायची. आणि वजन दोन किलो... तीनशे की चारशे, ते काही आठवत नाही."

"तीनशे चाळीस."

असं बराच वेळ चाललं. ताई एक सांगायची, बाई दुसरं. काही गोष्टी दोघींनाही आठवल्या नाहीत, त्या माझ्या बादलीत गेल्या होत्या. मी मान खाली घालून ऐकत होतो. मला रडू येत होतं आणि मी परका आहे हेही आठवत होतं.

शेवटी ताई म्हणाली, "तुम्हाला तक्रार करायची तर करा. दुकान बंद होईल, पण तुमचा हक्क आहे. आणि ते मेसेज आता जाणार नाहीत, भाऊ आत्ताच बंद करतोय."

मी लॅपटॉप पुढे ओढला.

"बंद करू नका," बाई म्हणाल्या. "काल घरात सगळे माझ्याशी फार जपून बोलले. तारखेचं नाव कुणी काढलं नाही. तिला शुभेच्छा आल्या त्या फक्त तुमच्याच."

मी थांबलो. बोट तसंच बटणावर होतं. मी जे केलं ते चूकच होतं, याची मला खात्री होती. आता तीही राहिली नाही. फोन कधी ठेवला गेला ते मला कळलं नाही.

"पुढच्या वर्षी काय जातं रे त्या मेसेजमध्ये?" थोड्या वेळाने ताईने विचारलं.

मी उघडून वाचलं. "दुसऱ्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. बाळ आता घरभर पळत असेल."

"ते बदल."

"काय लिहू?"

ताईने चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा लावला. "मला तरी काय माहीत? त्यांनाच विचारू या." आणि तिने पुन्हा फोन लावला.