माझा शेवट कोणाला सांगू नका

मी बोलतेय, कपाटातून. दचकलात? दचका की, मी आहेच त्यासाठी! मी भुताच्या पिक्चरची व्हिडिओ कॅसेट. नाव 'अंदर से कुंडी'. पितृपंधरवडा आला, अंधार लवकर पडू लागला की माणसांना उगाच भ्यायची हौस येते. अशा वेळी कोणता पिक्चर बघावा म्हणून कोणी विचारलं, तर लाजायचं कशाला, मी माझंच नाव सांगते.

माझा जन्म मुंबईतल्या एका कोंदट खोलीत झाला. तिथून मी डहाणू रोड स्टेशनजवळ, रोशनशेठ इराण्याच्या व्हिडिओ लायब्ररीत आले. तो पंच्याऐंशीचा सुमार. घरोघरी व्हीसीआर नव्हते, लोक मशीन आणि कॅसेट दोन्ही भाड्याने न्यायचे. रोशनशेठ मला हातात धरून, आवाज खाली आणून, आपल्या गुजरातीमिश्रित मराठीत गिऱ्हाइकाला सांगायचे, "एक बंगला छे. त्यात एक खोली. आत कोणी राहत नाय, पण कुंडी आतून लावलेली! आणि आतून हाक येते. ज्याचं जे माणूस गेलंय ना, त्याच्याच आवाजात."

"आणि मग?"

"मग काय? घरी जाऊन बघ ने, डिकरा! शेवट मीच सांगितला तर धंदा काय करू?"

झालं, गिऱ्हाईक मला काखेत मारून चालू पडायचं. काय एकेक नमुने बघितले म्हणून सांगू! "भूतबीत सगळं थोतांड," असं म्हणणारे काका मध्येच उठून मोरीत जायचे, तेव्हा बायकोला दारात उभं करून जायचे. उशीच्या आडून बघायचं आणि वर म्हणायचं, "छे, एवढं काही खास नाही." मला असलं हसू यायचं!

एका रविवारी मला गोपीनाथरावांनी रेल्वे क्वार्टरमध्ये नेलं. ते स्टेशनवर बुकिंग क्लार्क. बायको प्रभाताई शाळेत शिक्षिका, आणि गुडघे कायम फुटलेली मुलगी श्रुतिका. शेठचं भाड्याचं मशीन दुरुस्तीला गेलं होतं, म्हणून त्यांनी स्वतःचा व्हीसीआर दिला. त्याच्यावर रेकॉर्डिंगचं लाल बटण होतं. माझं वाटोळं त्यानेच केलं आणि सोनंही त्यानेच केलं.

संध्याकाळचा उजेड नको म्हणून खिडक्यांना चादरी लावल्या. पिक्चर रंगला. शेवट आला. कुंडी आपोआप खाली पडली, दार किरकिरत उघडायला लागलं आणि प्रभाताई किंचाळल्या, "अहो, बंद करा! बंद करा आधी!" गोपीनाथराव वाटच बघत होते. त्यांनी अशा चपळाईने बटण दाबलं की मी अर्ध्या उघड्या दारातच थांबले.

मी थांबले तशी टीव्हीवर दूरदर्शन लागलं. शेतीचा कार्यक्रम चालू होता. आणि पडद्यावर कोण? प्रभाताईंचे वडील! गंजाड गावचे हिरूबाबा. कोसबाडच्या कृषी केंद्रात टीव्हीवाले येऊन शूटिंग करून गेले होते खरे, पण त्याला इतके महिने झाले की सगळे विसरूनही गेले होते.

"अगंबाई, बाबा! अहो, रेकॉर्ड करा ना!"

गोपीनाथरावांनी लाल बटण दाबलं. दाबलं जाईना. लायब्ररीच्या कॅसेटवर कोणी काही भरू नये म्हणून आमच्या पाठीवरचा एक तुकडा मोडून टाकलेला असतो. श्रुतिकाला ते ठाऊक होतं. तिने मला बाहेर ओढलं, गुडघ्यावरची औषधाची पट्टी टरकन काढली, माझ्या पाठीवरच्या भोकावर चिकटवली आणि मला परत आत ढकललं. लाल बटण बसलं! माझं भूत गेलं आणि त्या जागी हिरूबाबा आले.

"ह्या खिरणीच्या रोपावर चिकूचं कलम बांधायचं," बाबा सांगत होते. "भ्यायचं नाय. हात थरथरला का कलम लागत नाय." मग पट्टी गुंडाळून झाल्यावर त्यांनी सरळ कॅमेऱ्यात बघितलं, पुढचा पडका दात दाखवत हसले आणि विचारलं, "झालं ना? जाऊ मी?"

दुसऱ्या दिवशी मला गुपचूप परत केलं. पण असल्या गोष्टी लपतात होय! आठवड्याभरात एक गिऱ्हाईक धावत आलं. "शेठ, तुमचं भूत कलम बांधायला शिकवतंय!" दुसऱ्याने शपथेवर सांगितलं की एवढं भयानक हसू त्याने जन्मात बघितलं नाही. रोशनशेठनी मला लावून बघितलं आणि खोकला येईपर्यंत हसले. "असा शेवट तर मुंबईत पण नाय भेटणार," म्हणाले, आणि त्यांनी मला आणखी जोरात खपवायला सुरुवात केली.

हिरूबाबांना हे कळलं तेव्हा त्यांनी तर कहरच केला. बाजारात कोणी पोरं त्यांच्याकडे टकामका बघायला लागली की ते डोळे वटारून विचारायचे, "कुंडी लावली का रे?" पोरं पसार!

असे हे बाबा एका पावसाळ्यात तापाचं निमित्त होऊन गेले. घरात त्यांचा धड फोटोही नव्हता. लग्नातल्या एका फोटोत ते होते, तेही कोणाच्या तरी फेट्यामागे अर्धे. प्रभाताई लायब्ररीत आल्या. "शेठ, ती कॅसेट द्या हो मला. बाबांचा आवाज फक्त तिच्यातच उरलाय."

शेठचा चेहरा पडला. "डिकरी, ती तर हायवेवर चारोटीला दिली, प्रविणच्या हॉटेलात. मुंबईचा माणूस आज तिथूनच जुन्या कॅसेटी उचलणार. पुसून नवीन पिक्चर भरतो तो."

प्रभाताईंनी पुढचं काही ऐकलं नाही. मिळेल ती एसटी पकडली.

इकडे प्रविणच्या हॉटेलात दुपारची गर्दी होती. ट्रकवाले चहा विसरून माझ्याकडे बघत होते. मुंबईचा माणूस पिशवी उघडून माझ्या संपण्याची वाट बघत होता. पुसणार मला! मी दुसऱ्यांना एवढी भिववणारी बाई, पण त्या दिवशी माझीच बोबडी वळली होती. कुंडी पडली. दार किरकिरलं. एका दांडगट ड्रायव्हरने टॉवेलमध्ये तोंड लपवलं. तेवढ्यात प्रभाताई धापा टाकत दारात आल्या, आणि पडद्यावर बाबा म्हणाले, "भ्यायचं नाय."

हॉटेल हसून हसून लोळायला लागलं. प्रभाताई मात्र तिथेच उभ्या राहून ढसाढसा रडल्या.

प्रविण गडबडला. "काय हो बाई, घाबरलात? ते भूत काय करत नाय, कलम बांधतं फक्त."

"भूत नाहीत ते. माझे बाबा आहेत. गेल्या महिन्यात गेले."

हसणं बंद झालं. टॉवेलवाल्या ड्रायव्हरने तोंड पुसलं. "शेठ, मागे घ्या ना जरा," तो प्रविणला म्हणाला. "ताईंना पहिल्यापासून दाखवा." पुन्हा लावलं. या वेळी सगळे माना पुढे काढून कलम बांधणं बघत बसले. पण बाबा पडका दात दाखवून हसले तेव्हा रडता रडता प्रभाताईंनाच हसू फुटलं, आणि मग सगळेच हसले. मुंबईच्या माणसाने आपली पिशवी मुकाट बंद केली. रोशनशेठनी त्याला माझ्याऐवजी दुसरी कॅसेट दिली म्हणतात.

आता नव्वदचं दशक संपत आलंय. सीडी आल्या. शेठच्या दुकानात हल्ली बल्ब आणि प्लग मिळतात. मी प्रभाताईंच्या कपाटात, पैठणीखाली, डांबरगोळ्यांच्या वासात पडून असते. पाठीवर श्रुतिकाची पट्टी अजून आहे. वर्षातून एकदा, सर्वपित्रीला, कावळ्याचं पान ठेवून झालं, सगळ्यांची जेवणं झाली की मला बाहेर काढतात. शेठचा तो जुना व्हीसीआर आता इथेच असतो. श्रुतिकाही सासरहून येते. बाबांना थेट लावता येईल की, पण प्रभाताई ऐकत नाहीत. आधी सगळा पिक्चर बघायचा, मनसोक्त भ्यायचं, मग बाबा.

माझी रिबन आता झिजलीय. बाबांच्या चेहऱ्यावर रेघा येतात, आवाज मध्येच हलतो. आणखी किती अमावस्या निघतील कोणास ठाऊक, आणि खरं सांगते, मला त्याची फार भीती वाटते. म्हणून एवढंच मागणं, तुमच्या माळ्यावर माझी एखादी बहीण पडली असेल तर टाकायच्या आधी तिला शेवटपर्यंत बघा. आणि माझा शेवट मी सांगितला तो सांगितला, तुम्ही कोणाला सांगू नका. लोकांना आधी भिऊ दे.

दरवर्षी बाबा कॅमेऱ्यात बघतात, हसतात आणि विचारतात, "झालं ना? जाऊ मी?"

"थांबा हो बाबा, एवढी काय घाई," प्रभाताई म्हणतात. गोपीनाथराव पुन्हा बटण दाबतात, आणि मी घरघरत मागे फिरते.