बिनपाण्याची बाटली

भामाबाईच्या किटलीत पाण्याचा थेंब सापडला, असं म्हणायची दूध संस्थेत कुणाची छाती नव्हती. बाकीच्यांच्या दुधात मापाड्या पाणी ओळखायची काचेची दांडी बुडवून बघायचा. भामाबाईची किटली आली की नुसतं झाकण काढून ओतून घ्यायचा. एकदा एका नव्या मापाड्यानं दांडी उचलली, तर बाई म्हणाली, "बुडीव की. तुला पाजताना तुझ्या आईनं बुडवली हुती न्हवं?" त्या दिवसापासून ती दांडी तिच्या दुधाला शिवली नाही.

अशा बाईला शौक एकच होता. पीरमहंमदचं ऑरेंज.

पीरमहंमदचा तासगावात सोड्याचा कारखाना. कारखाना म्हणजे दोन खोल्या, एक यंत्र आणि घरची माणसं. दुपारी दोनच्या सुमाराला तो हातगाडी ढकलत गावात यायचा आणि बाटल्यांवर लोखंडी किल्ली घासत यायचा. ती किणकिण ऐकली की भामाबाई जात्यावर असो नाही तर भांडणात असो, उठून दाराशी यायची. सुरुवात झाली होती साध्या सोड्यानं, पोटातल्या वायूवर औषध म्हणून. मग पीरमहंमद म्हणाला, "भामाआक्का, ही केशरी बाटली बघा, लागतीय बी गोड आन् ढेकरबी तेवढाच येतोय." त्याला सहा वर्षं झाली. आता दिवसाला दोन बाटल्या लागायच्या. एक उभ्या उभ्या, दुसरी बसून. पोटात वायू होताच, उलट वाढला होता. पण औषध सोडायचं कुणी?

बाहत्तरचा दुष्काळ सरून चार वर्षं झाली, तशी तिच्या डोळ्यांवर साय धरायला लागली. गोठा अंधारा, म्हैस काळी. एका पहाटे धार काढताना हात कुठल्या कुठं गेला आणि म्हशीनं अशी लाथ हाणली की चरवी भिंतीला आणि बाई शेणात. लेक लालासाहेब धावत आला. आईला उठवलं, झटकलं आणि म्हणाला, "आजपासनं धार शालू काढंल."

शालू म्हणजे त्याची बायको. पोरगी गुणाची होती, पण पंधरा दिवसांत काय काय बदललं ते भामाबाईलाच ठाऊक. आधी चरवी गेली. मग किटली गेली. मग संस्थेचं माणूस दारात येऊन "शालूवैनी हायत का" असं विचारायला लागलं. चाळीस वर्षं ज्या घरात तिच्या शब्दाशिवाय चूल पेटली नव्हती, तिथं तिला कोपऱ्यात बसवून लसूण सोलायला देऊ लागले.

फाल्गुनात तासगावात डोळ्यांचं शिबीर भरणार होतं. लालासाहेबानं आईचं नाव दिलं. कार्तिकातच तिथल्या डॉक्टरनं डोळे बघितले, मोतीबिंदू आहे म्हणाला, काढू म्हणाला. "फक्त उद्या सकाळची लघवी बाटलीतून आणून द्या. साखर असली तर मी डोळ्याला हात लावणार नाही. जखम भरत नाही मग."

आता आली पंचाईत. भामाबाईसारख्या बाईची लघवी यष्टीतून न्यायची. यष्टीत गावातली निम्मी माणसं, कुणी विचारलं हे काय म्हणून, तर लेकानं काय सांगायचं? तिनंच तोड काढली. "ऑरेंजच्या बाटलीत ने. रंगबी तसाच दिसतोय. लोक म्हणतील वाटंत प्यायला न्हेतोय."

"आन् कुणी मागितलं तर?" लालासाहेब म्हणाला.

"तर दे. दुसऱ्यांदा मागायचा न्हाई."

सकाळी तिनं आदल्या दिवशीची रिकामी बाटली घेतली. शालू तांब्या घेऊन आली, "आत्याबाई, विसळून देते." तर सासूनं तिचा हात धरला. "पाणी लावू नगं. एक थेंबबी नगं. डाक्टर नळी बुडवून बघतोय. त्यात पाणी निघालं तर म्हणंल ह्या घरात भेसळ करत्यात."

बाटली कागदात गुंडाळून लालासाहेब गेला आणि दुपारी पडलेल्या तोंडानं परत आला. डॉक्टरनं निळं औषध घातलं, दिव्यावर तापवलं आणि नळीतलं पाणी विटेसारखं लाल झालं. साखर आहे. तीही सणसणीत. गोड सगळं बंद, दोन महिन्यांनी परत बघू. उतरली तर शिबिरात घेऊ, नाही तर पुढच्या वर्षी.

"ऑरेंज?" भामाबाईनं विचारलं.

"ते तर पयलं बंद म्हणालेत."

तिनं हातातला लसूण खाली ठेवला. पुढच्या वर्षापर्यंत तिचे डोळे राहतात की नाही कुणी सांगावं, आणि डोळे गेले की लसणाचा कोपरा कायमचा. मग म्हणाली, "बंद म्हंजे बंद. माझा शबूद हाय."

पहिले आठ दिवस घरानं सोसले. तिचं डोकं दुखायचं. कोंबड्यांना शिव्या, सुनेला शिव्या, वाऱ्याला शिव्या. दोनच्या सुमाराला ती किणकिण आली की ती भिंतीकडे तोंड करून बसायची आणि पदराचा बोळा तोंडात धरायची. तिसऱ्या दिवशी पीरमहंमद दाराशी थांबला. "भामाआक्का, काय चुकलं का आमचं?"

"तुझं काय चुकतंय, बाबा. माझ्या रक्तात साखर कारखाना निघालाय."

त्याला सगळं कळलं तेव्हा तो हळहळला. आणि दुसऱ्या दिवसापासून भामाबाईचं घर जवळ आलं की किल्ली खिशात घालून गुमान गाडी ढकलत जाऊ लागला. मारुतीच्या देवळापुढं गेला की पुन्हा किणकिण. भामाबाईच्या ते ध्यानात आलं. तिनं त्याला म्हणून एकदा मक्याची कणसं ठेवली.

ऑरेंजच्या जागी ताक आलं, जिरं घातलेलं. मग नुसतं डेऱ्यातलं पाणी. महिना झाला आणि एके दिवशी जेवून उठल्यावर तिच्या ध्यानात आलं की पोट फुगलेलं नाही. छातीत जळत नाही. रात्रीची झोप लागते. सहा वर्षं ज्या वायूसाठी औषध पीत होती तो वायू औषधाबरोबरच निघून गेला होता. तिनं हे कुणाला सांगितलं नाही. पीरमहंमदच्या पोटावर पाय कशाला आणा.

पौषात दुसरी तपासणी. आता घरात तिच्या नावची बाटली नव्हती, म्हणून शालूनं पीरमहंमदकडून एक घेतली. आतलं टाकून द्यायचं जिवावर आलं, म्हणून न्हाणीघरामागं उभं राहून स्वतः पिऊन टाकलं. पाणी लावायचं नाही हे तिला आता पाठ होतं.

लालासाहेब परत आला तो चप्पल आपटतच.

"आई, खरं सांग. कवा पितीस?"

"काय?"

"ऑरेंज. नळी परत लाल झाली. डाक्टर मला म्हणतोय, म्हातारी चोरून पीत आसंल, लक्ष ठेवा. मान खाली घालाय लागली मला."

भामाबाई उभी राहिली. खांबाला धरून उभी राहिली, कारण खांब तेवढा दिसत होता. "मी शबूद दिल्ता."

"दिल्ता की. पर नळी खोटं बोलती का?"

"म्हंजे मी बोलते."

लालासाहेब गप्प बसला, आणि त्याचं ते गप्प बसणं तिला म्हशीच्या लाथेपेक्षा लागलं. शालूनं मान वर केली नाही. तिला वाटत होतं तिचं न्हाणीघरामागचं पिणं उघडं पडणार. त्या संध्याकाळपासून कपाटाला कुलूप लागलं, गुळाचा डबा फळीवर चढला आणि दुपारी दोनला कुणीतरी एक जण दाराशी बसायला लागलं. चोरावर पहारा बसवतात तसं.

भामाबाई आठ दिवस जेवायचं म्हणून जेवली. डोळे जातील, याची भीती आता मागं पडली होती. दुधात पाणी नाही म्हणून ज्या बाईला गाव मानत होतं, तिच्या शब्दात पाणी आहे असं तिचा लेकच म्हणत होता. नवव्या दिवशी पहाटे ती लुगडं नेसून, डोईवर पदर घेऊन ओट्यावर येऊन बसली.

"कुठं?" लालासाहेबानं विचारलं.

"तासगावाला. मी सोता जाती. डाक्टरच्या म्होरं बसून देती. तवा म्हणा कोण चोर हाय ते."

"आगं, बाटली तरी..."

"बाटलीबिटली न्हाई. माणूसच न्हेती."

शालूही बरोबर निघाली. दवाखान्यात कंपाउंडरनं काचेचा ग्लास दिला, शालूनं सासूला मागच्या बाजूला नेलं आणि आणलं. भामाबाई डॉक्टरच्या टेबलापुढं बाकावर बसली. डॉक्टरनं निळ्या औषधात आठ थेंब टाकले, नळी चिमट्यात धरली, दिवा पेटवला. दिव्याची ज्योत तिला धुक्यातल्या कंदिलासारखी दिसत होती. नळी उकळल्याचा आवाज तेवढा आला. मग काहीच आवाज नाही.

"काय झालं?" ती म्हणाली. "लाल झालं का?"

"निळं आहे," डॉक्टर म्हणाला. "जसं होतं तसंच निळं." त्यानं पुन्हा नवी नळी घेतली, पुन्हा तापवलं. पुन्हा निळं.

लालासाहेब पुढं वाकला. "मग मागची?"

डॉक्टरनं चष्मा वर केला. "मागची बाटली कसली होती?"

"ऑरेंजची."

"धुतली होती ना?"

लालासाहेबानं शालूकडं बघितलं, शालूनं सासूकडं. मग भामाबाईच म्हणाली, ताठ मानेनं, "आमी पाण्याचा थेंब लावत न्हाई, डाक्टर. दुधाला न्हाई आन् ह्यालाबी न्हाई."

डॉक्टर एकदम हसला नाही. आधी कंपाउंडरला पाठवून समोरच्या टपरीवरनं ऑरेंज आणवलं. त्यातले चार थेंब निळ्या औषधात टाकून तापवले. "बघा," तो म्हणाला, आणि नळी बाईच्या डोळ्यांपाशी धरली. इतक्या जवळनं तिलाही ते दिसलं. विटेचा लाल रंग. तिच्या सहा वर्षांच्या औषधाचा.

"म्हंजे साखर बाटलीत हुती," ती म्हणाली.

"बाटलीत होती. तुमच्यात नाही. पहिल्यापासून नसणार. फाल्गुनात या, डोळा करून टाकू."

भामाबाईच्या अंगातला सगळा ताठा एकदम सैल झाला. ती बाकावर मागं टेकली. डोळ्यांतलं पाणी पुसायला पदर घेतला, तर शालूनं आधीच पुसलं, आणि तिनं पुसू दिलं.

यष्टीची वाट बघत तिघं स्टँडवर बसली. लालासाहेब उगाच आपल्या चपलेकडं बघत होता. मग उठला, टपरीवर गेला आणि थंडगार ऑरेंज घेऊन आला. "घे, आई. आता काय भ्या न्हाई. माझं चुकलं."

"तेवढं आधी बोलायचं हुतंस. बाटली मागनं आणायची."

पण घेतली. एक घोट घेतला आणि थांबली. घशाखाली साखरेच्या पाकासारखं काहीतरी चिकट उतरलं, दातांना झिणझिण्या आल्या. ह्याच्यासाठी आपण सहा वर्षं दाराशी धावत होतो? तिनं बाटली शालूपुढं केली.

"घे गं. तुला आवडतंय."

शालूच्या हातातली पिशवी खाली पडली. "आत्याबाई, तुमाला कसं..."

"डोळं गेल्यात माझं. नाक न्हाई. त्या दिवशी न्हाणीघरामागनं आलीस तवा सबंध केशरी वास मारत हुता."

"आन् तुमी बोलला न्हाईसा? तुमच्यावर आळ आला तवाबी माझं नाव घेतलं न्हाईसा?"

"एका बाटलीपायी घरात दोन चोर कशाला?"

लालासाहेब आधी बायकोकडं, मग आईकडं बघत राहिला आणि खो खो हसत सुटला. स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली. भामाबाईही हसली, पदर तोंडाला लावून. फाल्गुनात डोळा होणार होता. चैत्रात चरवी परत तिच्या हातात येणार होती, आणि ती म्हैस, लाथ मारणारी, तिच्याशी बाईला बरंच बोलायचं होतं.

यष्टी आली. शालूनं उरलेलं ऑरेंज घटाघटा संपवलं आणि बाटली टपरीवाल्याकडं द्यायला निघाली.

"थांब," भामाबाई म्हणाली. "आधी विसळ ती. त्या नळाखाली धर. चांगली तीनदा."