बत्तीस दातांचा पुरावा

यज्ञेश्वर सरांना दोन गोष्टींचा अभिमान होता. एक म्हणजे पुराव्याशिवाय त्यांनी जन्मात कशावर विश्वास ठेवला नव्हता, आणि दुसरी म्हणजे एकाहत्तराव्या वर्षी त्यांच्या तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात स्वतःचे होते. पहिल्या गोष्टीचा ताप सगळ्या मित्रमंडळाला होता, दुसरीचा एकट्या गोदावरीबाईंना. कारण जेवताना घासाघासाला त्यांना नवऱ्याच्या दातांचं कौतुक ऐकावं लागे. गेल्या दिवाळीत कडक भाकरी खाताना सरांची खालची डावी दाढ मोडली. ती काढून तिथं खोटी बसवावी लागली आणि बत्तीसचे एकतीस झाले. ही दुरुस्ती मात्र सरांनी कुठं जाहीर केली नाही. लोकांना जुना आकडा पाठ होता, तो त्यांनी तसाच राहू दिला.

सर रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. रोज सकाळी सिद्धेश्वर तलावाकाठी फिरणाऱ्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता आणि त्यावर सरांनी स्वतःकडे एकच खातं घेतलं होतं: कुणी काही टाकलं की ते खोटं पाडायचं. या खात्याला सगळ्यात जास्त माल पुरवायचा गुरुशांत, बाजार समितीतला निवृत्त कारकून. त्याच्याकडे रोज ताजी थाप असायची. होटगी रोडला म्हणे पांढऱ्या साडीतली एक बाई मोटारसायकलवाल्यांना थांबवते, थंडी वाजते म्हणून चादर मागते, आणि दुसऱ्या दिवशी ती चादर स्मशानात घडी घालून ठेवलेली सापडते. सरांनी खाली लिहिलं, 'सोलापुरात थंडी नेमकी कधी वाजते, तेवढं त्या बाईला विचारून कळवा.' वर गेल्या महिन्याचं तापमान तारीखवार टाकलं.

गुरुशांत कधी रागवायचा नाही. "खोटं असंल सर, पर ऐकाया बरं वाटतंय की," तो म्हणायचा. "तुमचं खरं हाय, पर ते ऐकून कुनी चहा सांगत न्हाय."

सरांना हे लागायचं. पण खरं सांगायचं तर गुरुशांतच्या थापांची त्यांना चटक लागली होती. सकाळी ग्रुपवर एखादी थाप नसली की त्यांना पोट साफ न झाल्यासारखं वाटायचं.

संक्रांतीतली गड्ड्याची जत्रा संपली आणि फेब्रुवारीत गुरुशांतनं नवा माल टाकला. 'सावधान. कडक भाकरी तीन-तीन महिने कडक कशी राहते? कारण पिठात प्लास्टर ऑफ पॅरिस. केमिस्ट्रीच्या एका मोठ्या प्राध्यापकांनी स्वतः ओळखून डॉक्टरांना सांगितलं आहे. बाळीवेशीतल्या बाईकडची भाकरी खाऊ नका. दहा जणांना पाठवा.'

बाळीवेशीतली बाई म्हणजे काशम्मा. ज्वारीच्या पातळ भाकऱ्या थापून, तव्यावर भाजून, मग विस्तवाच्या कडेला पापडासारख्या कडक होईपर्यंत वाळवायच्या, हा तिचा वीस वर्षांचा धंदा. सरांच्या घरी दर गुरुवारी तिच्याकडचाच पुडा यायचा. पण संदेश वाचून सरांना आधी काशम्मा आठवली नाही. आधी त्यांना आला तो त्या प्राध्यापकाचा राग. रसायनशास्त्राचं नाव घेऊन असलं बोलणारा हा गाढव कोण, हे शोधून त्याला उघडा पाडायचा, असं त्यांनी दात घासता घासता ठरवलं.

"त्या प्राध्यापकाचं राहू द्या," गोदावरीबाई म्हणाल्या. "आधी काशम्माकडं जाऊन या."

काशम्माच्या अंगणात एरवी आठ बाया थापायला बसायच्या आणि त्यांच्या टाळ्यांसारख्या आवाजात बोलणं ऐकू यायचं नाही. सर गेले तेव्हा दोनच बाया होत्या आणि त्याही हात पुसून बसलेल्या. पुण्याच्या दुकानदारानं माल परत पाठवला होता. भिंतीला पुड्यांची चळत लागली होती.

"बर्री सर, बसा," काशम्मा म्हणाली. कन्नड आणि मराठी ती एकाच वाक्यात थापायची. "आता ह्या म्हैन्याच्या अमोशापतूर बघते. न्हाय जमलं तर चूल बंद. जावई म्हनतोय, दुधनीला या. लेकीच्या दारात बसून खायाचं, लई वंगाळ वाटतंय बघा."

सरांना तेव्हा खरोखर वाईट वाटलं. "तुम्ही काळजी करू नका," ते म्हणाले. "विज्ञान तुमच्या बाजूला आहे."

काशम्मानं विज्ञानाकडं न बघता सरांना चहा दिला.

दुसऱ्या दिवशी सरांनी स्वयंपाकघरात व्हिडिओ केला. गोदावरीबाईंनी फोन धरला. सरांनी चिमट्यात काशम्माची भाकरी धरून गॅसवर जाळली आणि सांगितलं, "प्लास्टर जळत नाही. ही भाकरी जळते आहे. म्हणजे यात प्लास्टर नाही." इतकं स्वच्छ, इतकं निर्विवाद, की सरांना स्वतःचाच हेवा वाटला. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ वैरागपासून माळशिरसपर्यंत पोचला. फक्त कुणीतरी आवाज काढून टाकला होता आणि वर लिहिलं होतं, 'बघा कशी जळते. प्लास्टर नाही, प्लास्टिक आहे.'

सर हार मानणाऱ्यातले नव्हते. त्यांनी दुसरा व्हिडिओ केला. भाकरी पाण्यात भिजवली, दहा मिनिटांनी बोटानं कुस्करून दाखवली. प्लास्टिक असतं तर असं कुस्करलं असतं का? लोकांना हा व्हिडिओ पहिल्यापेक्षाही आवडला. पाण्यात विरघळणारं नवीन केमिकल आलं आहे आणि ते आतड्याला चिकटतं, हे सर स्वतः प्रयोग करून दाखवत आहेत, असं सगळ्यांना कळलं. जिल्ह्यात ज्यांनी प्लास्टरचं ऐकलंच नव्हतं, त्यांनाही आता सगळं सविस्तर समजलं. सर आगीत तेल ओतत होते, तेही स्वतःच्या घरचं.

"सर, लई भारी व्हिडिओ," गुरुशांत तलावाकाठी म्हणाला. "मी सगळ्यांना पाठवला. तुमी म्हनाला, म्हंजे असनारच की."

"मी काय म्हणालो ते तू ऐकलंस का?"

"बघितलं की."

काशम्माच्या दोन बायांपैकी एक त्याच आठवड्यात दुसरीकडं कामाला गेली. अमावास्येला नऊ दिवस उरले होते.

आता एकच उपाय होता. त्या प्राध्यापकाला मुळातून खणून काढायचा. सरांनी गुरुशांतला धरलं. त्याला ही बातमी वैरागच्या साडूनं दिली होती. सर तसेच एसटीत बसले आणि वैरागला जाऊन त्या साडूपुढं उभे राहिले. निंगप्पा त्याचं नाव, खताचं दुकान होतं. सरांनी विचारलं, "प्राध्यापकाला तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"मी कुटं बघनार?" निंगप्पा म्हणाला. "मी दात दाखवाया सोलापूरला गेलतो. त्या डॉक्टरनं सांगितलं की. प्रोफेसर त्येचा पेशंट हाय म्हनं. आन् डॉक्टर कशाला खोटं बोलंल?"

डॉक्टरचं नाव निघालं दिग्विजय. सरांची दाढ बसवणारा तोच. परतीच्या एसटीत सर खुशीत होते. ओळखीचाच डॉक्टर, आता चोर हातातच आला. दवाखान्यात शिरल्या शिरल्या त्यांनी विचारलं, "डॉक्टर, तो भाकरीत प्लास्टर सांगणारा महामूर्ख प्राध्यापक कोण?"

डॉक्टर आधी हसला. सर हसत नाहीत म्हटल्यावर त्यानं मास्क खाली ओढला.

"सर, थट्टा करताय ना? तुम्हीच की. दाढ काढताना मी म्हणालो, आतून पार किडली होती. तर तुम्ही म्हणालात, 'दाढ ठणठणीत होती डॉक्टर. ती बाळीवेशीतली बाई पिठात प्लास्टर घालते. मी केमिस्ट्रीचा माणूस, मला चव कळते.' मला लई गंमत वाटली. दोघा-चौघांना सांगितली. पण तुमचं नाव नाही घेतलं हां कुठं. पेशंटचं गुपित असतं ते."

सर खुर्चीत बसले. तीच खुर्ची, आपोआप मागं कलली. त्यांना सगळं आठवलं. दाढ किडली हे कबूल करण्यापेक्षा भाकरीवर ढकलणं सोपं वाटलं होतं, एवढंच. पुरावा कुणी मागितला नव्हता, आणि त्यांनीही स्वतःकडे मागितला नव्हता.

घरी येऊन त्यांनी गोदावरीबाईंना सांगितलं, तेव्हा त्यांना आश्चर्य वाटलं नाही. "दोन वर्षं लवंगेचं तेल मीच आणून देत होते," त्या म्हणाल्या. सर म्हणाले, आत्ता ग्रुपवर सगळं लिहितो. "लिहा," गोदावरीबाई म्हणाल्या, "पण जिचं नुकसान केलंत, तिला आधी सांगा."

लाज म्हणजे काय, ते सरांना बाळीवेशीच्या त्या चार गल्ल्या चालताना कळलं. काशम्मा पुडे पोत्यात भरत होती. अमावास्या चार दिवसांवर आली होती. सरांनी उभ्यानंच सगळं सांगितलं, दाढेसकट. काशम्मानं पोतं बाजूला ठेवलं.

"वीस वर्सं तुमच्या घरला भाकरी घातली, सर."

"मी चुकलो. मी आजच सगळ्यांना लिहून कळवतो की हे माझ्यामुळं झालं."

"लिवू नका," काशम्मा म्हणाली. "लिवलं तर काय म्हनतील ठावं हाय? बाईनं सरांना काय तरी चारलं, म्हून सर पलटलं. जाळून दाखवलं तर प्लास्टिक झालं. भिजवून दाखवलं तर केमिकल झालं. आता तुमी रडून दाखवनार. नगं." तिनं एक पुडा फोडून त्यातली भाकरी सरांच्या हातात दिली. "दात किती हायत म्हनत हुता तुमी? समद्या गावाला म्हाईत हाय ते?"

"बत्तीस. म्हणजे, एकतीस."

"एकतीस मला आन् तुमाला. गावाला बत्तीसच. ही भाकरी दातात धरा आन् हसा. फोटू काढते. खाली लिवायचं, वय एकाहत्तर, दात बत्तीस, समदे सोताचे. गुपित काय, तर रोज एक कडक भाकरी."

सर दोन पावलं मागं सरकले. "काशम्मा, ते खोटं आहे."

"प्लास्टर खरं हुतं व्हय?"

सरांनी भाकरी दातांत धरली, उजव्या बाजूनं, आणि हसले. फोटो काढून झाल्यावर काशम्मा म्हणाली, "गुरुशांतला पाठवा. म्होरलं तो बघतोय."

गुरुशांतनं बघितलं. दोन दिवसांत सरांचं वय अठ्ठ्याऐंशी झालं. चौथ्या दिवशी दुधनीहून बातमी आली की या माणसाला पडलेले दोन दात पुन्हा आले. कुठल्यातरी परदेशी दंतवैद्यांनी कडक भाकरीवर अभ्यास चालवला आहे, ती चावताना हिरडीत काहीतरी तयार होतं, असंही कळलं. प्लास्टरचं नाव कुणी काढेना. पुण्याच्या दुकानदारानं परत पाठवलेला माल पुन्हा मागितला. अमावास्या आली आणि गेली, चूल बंद झाली नाही. काशम्माच्या अंगणात आठाच्या दहा बाया झाल्या आणि पुन्हा बोलणं ऐकू येईनासं झालं. ग्रुपवरचं सगळं सर वाचायचे. खालच्या रकान्यात बोट न्यायचे आणि परत घ्यायचे.

मार्च संपत आला होता. तलावाकाठच्या बाकावर सकाळी दहा-बारा जण बसलेले, मध्ये काशम्माचा पुडा उघडा. लोक हल्ली सरांना भाकरी चावताना बघायलाही थांबायचे. इतक्यात गुरुशांत आला. त्याचा गाल सुजला होता.

"सर, एक इचारायचं हुतं," तो म्हणाला. "काल मी दातवाल्याकडं गेलतो. दिग्विजय डॉक्टरकडं. त्येनं नाव न्हाय घेतलं, पर म्हनला, केमिस्ट्रीच्या एका सरांची डावी दाढ मी खोटी बसवली. मग मी घरी येऊन इचार केला. मी काय आता पैल्यासारखा राहिलो न्हाय. तुमीच म्हनता न्हवं, कुनीबी सांगितलं तरी पुरावा मागायचा. मग म्हनलं मागावा." त्यानं मान वाकडी करून सरांच्या तोंडाकडं बघितलं. "आ करा बघू, सर."

पंधरा वर्षं सर या क्षणाची वाट बघत होते. गुरुशांतनं पुरावा मागावा, एकदा तरी. आणि त्यानं तो इतका बरोबर मागितला होता की सरांचा ऊर भरून आला. असा विद्यार्थी त्यांना अख्ख्या नोकरीत मिळाला नव्हता. त्याला जवळ घ्यावं, आ करावा आणि म्हणावं, बघ, शेवटून दुसरी, तीच. पण डोळ्यांपुढं काशम्माचं अंगण आलं, आणि ते भरलेलं पोतं.

"गुरुशांत," सर म्हणाले, "प्रत्येक गोष्टीला पुरावा मागत बसू नये. माणसाचा कशावर तरी विश्वास पाहिजे."

बाकावरच्यांनी माना डोलावल्या. मग सगळे गुरुशांतवर तुटून पडले. म्हातारपणी काड्या घालायची हौस आली आहे याला, चांगल्या माणसावर शिंतोडे उडवतो, स्वतःचे दात किडले म्हणून दुसऱ्याचे बघवत नाहीत. एकानं तर त्याला ग्रुपमधून काढायचीही सूचना केली. गुरुशांत कुणाकडं बघत नव्हता. तो सरांकडं बघत होता.

"पर खरं काय हाय, सर?" त्यानं हळूच विचारलं.

सरांनी पुड्यातून एक तुकडा घेतला, उजव्या दाढेखाली सरकवला आणि चावायला लागले.