शेवटच्या शेताचं पाणी

"वहिनी, दारं मोडा की! पानी आलंय, आन तुमी चिखल कसला थापताय?"

सावळेराम बांधावरून ओरडत होते. त्यांच्या चुलतभावाची बायको गोजरबाई चारीतून, म्हणजे पाण्याच्या छोट्या पाटातून, शेतात पाणी घ्यायचं दार फावड्याने माती ओढून आणखी बुजवत होती. धरणाच्या उपसा योजनेचं पाणी चारीच्या अगदी टोकाला, तिच्या शेतापर्यंत आलं होतं, हेच नवल. एरवी ते फुटक्या चारीतून वाटेतच जिरायचं. कांदा ऐन पोसायच्या दिवसांत माना टाकून उभा होता.

आज शहरातून पाहणीला म्याडम यायच्या होत्या. योजनेवर ओतलेला पैसा शेतकऱ्याच्या पदरात किती पडला, ते त्या बघणार होत्या. म्हणून पाणीसंस्थेचे चेअरमन असलेल्या सावळेरामांनी वरची सगळी दारं बंद करून, आपली पाण्याची पाळीसुद्धा सोडून पाणी खाली धाडलं होतं. पाहुण्यांसमोर गावाचं हसं होऊ नये, एवढंच त्यांच्या मनात. माणूस काही वाईट नव्हता.

"मागल्या पाहणीला बी असंच भिजवलं व्हतं ना, भावजी?" गोजरबाई म्हणाली. "सायबानं वलं रान बगितलं, समद्यांचा फायदा झाला म्हनून लिवलं, आन चारीची दुरुस्ती ऱ्हायली ती ऱ्हायलीच. आज म्या भिजवनार न्हाई."

"अवो, कांदा हातचा जाईल!"

"जाऊ द्या."

तुंबलेलं पाणी काठावरून ओढ्याकडे निघालं. तिने तिकडे पाठ केली.

साधना म्याडम आल्या तेव्हा त्यांच्या बुटांखाली ढेकळं फुटत होती. त्यांनी एक कांदा उपटून पाहिला. लिंबाएवढाही नव्हता.

"आजी, चारीत पाणी आहे, मग शेत कोरडं का?"

"पानी आज तुमी येनार म्हनून आलंय, ताई. येरवी हितवर पोचतच न्हाई. चारी नीट करा, मग लिवा फायदा."

साधना म्याडमनी सावळेरामांकडे पाहिलं. त्यांनी टोपी काढली, घाम पुसला. आता भावजी सगळं सावरून घेणार, म्हणून गोजरबाईने फावडं घट्ट धरलं.

"खरं हाय, म्याडम," ते खालच्या आवाजात म्हणाले. "वहिनीच्या रानाला पानी मिळत न्हाई. आज म्याच सोडाय लावलं."

"तसंच लिहिते," म्याडम म्हणाल्या.

गाडी वळणाआड गेली, तसे सावळेराम स्वतः चारीत उतरले आणि हातांनी चिखल उपसू लागले. पाणी आत शिरलं. पहिला वाफा निम्मा भिजला, तोच वीज गेली, धरणावरच्या पाणी उपसणाऱ्या मोटारी थांबल्या आणि धार बारीक होत तुटली.

गोजरबाईला भडभडून आलं. पण पस्तावा नव्हता. तळाशी उरलेल्या पाण्यात तिने फावडं धुतलं, खांद्यावर टाकलं.

"चला भावजी, च्या घ्या," ती म्हणाली, आणि कांद्याकडे न बघता घराकडे चालू लागली.