लाल पाण्याची हिल्डा

मी हिल्डा बोलतेय. दोरा नव्हे, हिल्डा. आधीच सांगितलेलं बरं, कारण या बंदरावर येणारा प्रत्येक जण दोराचीच चौकशी करतो.

मी वाफेचं एक छोटं इंजीन. मोठी इंजिनं पाण्याचा वेगळा डबा मागे ओढत नेतात, माझं पाणी माझ्याच दोन्ही कुशींना बांधलेल्या टाक्यांत असतं. रूळही असे अरुंद, की एका ढांगेत ओलांडावेत.

जर्मनीतल्या एकाच कारखान्यात, एकाच नकाशावरून मी आणि दोरा घडलो. एकाच जहाजातून पराग्वे नदीवरच्या या बंदरात आलो. माल उतरवणाऱ्या यारीनं आधी दोराला खाली उतरवलं. तेवढंच निमित्त झालं. धक्क्यावर उभ्या असलेल्या इंजीनचालक डॉन फेर्मीननं तिच्या अंगावर हात ठेवला आणि म्हणाला, "ही माझी."

मी तेव्हा साखळदंडाला लटकत होते. खाली नदी, वर आभाळ, जीव मुठीत. माझ्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही.

मला चालवायला मिळाला सिरिलो. माणूस वाईट नव्हता. पण "ही माझी" असं तो कधीच म्हणाला नाही.

काम दोघींचं सारखंच. रानातून केब्राचोचे ओंडके ओढून कारखान्यात आणायचे. हे लाकूड आतून रक्तासारखं तांबडं. ते उकळून त्याचा अर्क काढतात, कातडी कमवायला. गुळाच्या ढेपेसारखा घट्ट, काळपट. त्यातलाच एक खडा रोज सकाळी आमच्या टाकीत टाकायचा, असा कारखान्याचा नियम होता. इथलं पाणी जड, क्षारांचं. नुसतं उकळलं तर बॉयलरच्या नळ्यांवर पांढरा थर चढतो. अर्क घातला की थर धरत नाही. मात्र पाणी लाल होतं आणि तोंडात घेववत नाही.

आणि इथंच माझं नशीब फुटलं.

इथल्या माणसांची सकाळ येर्बाशिवाय होत नाही. तुंब्यात येर्बाची पानं भरायची, वर कढत पाणी ओतायचं, एकाच नळीनं सगळ्यांनी आळीपाळीनं प्यायचं. वेगळी चूल कोण पेटवणार? इंजिनाची तोटी सोडली की झालं.

सिरिलोनं एकदा माझ्या पाण्याची येर्बा केली. पहिलाच घोट थुंकला.

"काय झालं रे?" डॉन फेर्मीननं विचारलं.

"बूट उकळून प्यायल्यासारखं लागतंय!"

"कोणाचा बूट, ते तरी कळलं का?"

सगळे पोट धरून हसले. मी इतकी दचकले, की माझी वाफेची झडपच उडाली. मी मुळात घाबरट. पोपटांचा थवा डोक्यावरून गेला तरी फुसकन वाफ सोडते. त्याचंही त्यांना हसू.

त्या दिवसापासून सगळे दोराकडे. चिपा, म्हणजे चीज घातलेले पाव, विकणारी न्या इग्नासिया टोपली डोक्यावर आणि किटली हातात घेऊन यायची, थेट दोराच्या तोटीशी. "डॉन फेर्मीन, तुमच्या बाईचं पाणी म्हणजे अमृत हो!" म्हणायची, आणि गरम चिपा त्याच्या हातावर ठेवायची. माझा सिरिलोसुद्धा, माझ्याच पायरीवरून उतरून, तुंबा घेऊन तिकडे जायचा. ते पाहून माझ्या पोटात जी आग पडायची, तिला लाकूड लागत नव्हतं.

दोराचं पाणी गोड का, हे मला ठाऊक होतं. डॉन फेर्मीन तिच्या वाट्याचा खडा गुपचूप झुडपात फेकायचा. तिच्यासाठी तो नियम मोडत होता. माझ्यासाठी कोणी काय मोडलं?

हळूहळू दोराला चढ जड जाऊ लागला. लाकूड जास्त, वाफ कमी. एकदा सिरिलो म्हणालाच, "डॉन फेर्मीन, तिच्या पोटात क्षार धरलाय. खडा घालत जा."

"तू तुझं बुटाचं पाणी सांभाळ."

मग एका सकाळी, रानातल्या वळणावर, दोराची नळी फुटली. डॉन फेर्मीनचा हात कोपरापर्यंत भाजला. तिला ओढून आणायला मलाच पाठवलं. वाटेवर माणसं उभी होती, टोप्या काढून. मीच ओढत होते, धापा मीच टाकत होते. सगळ्यांचे डोळे मात्र मागे, तिच्यावर.

कारखान्यात तिचं पोट उघडलं. नळ्या दिसेनात, नुसता दगड. नवा बॉयलर काही कोणी मागवला नाही. तिला कडेच्या रुळावर, आल्गारोबोच्या झाडाखाली उभं केलं.

पुढे सिरिलो नदीवरच्या बोटीत कामाला लागला आणि डॉन फेर्मीन माझ्याकडे आला. आता माझी पाळी, असं मला वाटलं. लाज वाटते सांगायला, पण मी शिट्टीसुद्धा जरा लांबवून मारली.

त्यानं काय केलं? अंगावर हात ठेवायच्या आधी टाकीत खडा टाकला. दुसऱ्या दिवशीही. रोज.

आणि स्वतःची येर्बा? ती तो झाडाखाली पितो. दोराच्या चाकाजवळ तीन दगड मांडतो, किटली ठेवतो, तिच्या थंडगार टाकीला पाठ टेकून बसतो. न्या इग्नासियाही तिथंच, आणखी दोघंतिघंही. तुंबा फिरतो. मी वाफ धरून, तयार, एकटी.

परवा सरपण भिजलं होतं. न्या इग्नासिया किटली घेऊन माझ्यापाशी आली.

"एक दिवस नका घालू खडा. एवढ्यानं काय मरते ती?"

डॉन फेर्मीनच्या मुठीत खडा होता. तो थांबला. मी श्वास रोखला. खरंच सांगते, तेव्हा पोपट आले असते तरी मी हलले नसते.

"हेच मी रोज म्हणायचो," तो म्हणाला. "एक दिवसानं काय होतं."

खडा टाकीत पडला. न्या इग्नासिया रिकामी किटली घेऊन परतली. त्यानं भाजलेल्या हातानं माझी टाकी थोपटली. "चल गं."

माझ्या नळ्या आजही ठणठणीत आहेत. सगळे म्हणतात, त्याचा माझ्यावर जीव आहे म्हणून मी चालतेय. असेल. पण जीव असा असतो होय? लांबून, औषध पाजल्यासारखा?

तुम्हाला एवढंच सांगणं. कधी तो आजारी पडला आणि त्याच्या जागी तुम्ही आलात, तर त्या सकाळी खडा विसरा. एकदाच. तोटी सोडा, तुंबा भरा, माझ्या पायरीवर बसून प्या. दोरासारखं पोट दगड होणार असेल तर होऊ दे.

मी कोणाला सांगणार नाही.