बाबांचं कपाळ

बाबा गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी दुकानात जाऊन बसले. मयताच्या घरी दाराशी लावायच्या फलकासाठी फोटो दुरुस्त करायचं काम आमच्या दुकानात मला एकटीलाच येतं. आमच्या बेटावरच्या नुकुअलोफा शहरातल्या कितीतरी लोकांचे वडील मी नीटनेटके करून दिलेत. घरी सगळे रडत होते आणि मला रडू येत नव्हतं. त्यापेक्षा काम बरं वाटलं.

बाबांचा त्यातल्या त्यात धड फोटो चुलतबहिणीच्या लग्नातला होता. तोही फ्लॅशने बिघडलेला, अख्खं कपाळ पांढरंफटक. कानामागून डोकावणारा छत्रीचा दांडा मी काढला, शर्टावरचा डाग काढला. कपाळापाशी आले आणि हात थांबला.

आमच्यात मुलांनी बापाच्या डोक्याला हात लावायचा नसतो. जिवंतपणी नाही आणि मेल्यावरही नाही.

"अगं, फोटो आहे तो!" आमची मालकीण लेसिएली म्हणाली. "त्याला काय कळतंय?"

"तुझ्या बापाचा असता तर?"

ती प्रिंटरकडे वळली. संध्याकाळी बाबांना दवाखान्यातून घरी आणायचं होतं आणि त्याआधी फलक दाराशी लागायला हवा होता. शेवटी मी तोकिलुपे आत्यांना बोलावून घेतलं. बाबांची ही थोरली बहीण. मयताच्या उशाशी बसायचा मान त्यांचा, डोक्याला हात लावायचा हक्कही त्यांचाच. काळ्या कपड्यांत, घामाघूम होऊन त्या आल्या आणि माझ्या खुर्चीत बसल्या. मी माऊस त्यांच्या हातात दिला.

"हे धरायचं कसं? साबणासारखं निसटतंय मेलं."

"हळू, आत्या. गालाची कातडी उचला आणि कपाळावर बसवा."

"गालाची कातडी कपाळाला! धन्य तुमची विद्या."

पण त्यांना ते जमलं, आणि जमलं तशा त्या थांबेनात. चमक गेली, उरल्यासुरल्या आठ्या गेल्या, भुवईवरचा जुना व्रणही गेला.

"पुरे आता. हे बाबा नाहीत."

"मला शिकवतेस? तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून ओळखते मी त्याला. देखणा होता माझा भाऊ."

आत्यांच्या शब्दापुढे बोलायची आमच्यात सोय नाही. म्हणजे आता दाराशी भलताच माणूस टांगला जाणार होता आणि लोक त्याच्यापुढे रडणार होते. मला त्याचंही काही वाटेना, याची मात्र भीती वाटली.

आत्या मागे रेलल्या आणि डोळे बारीक करून फोटोकडे बघू लागल्या.

"हा कोण गं?" त्या म्हणाल्या. "हा तर बँकेतला साहेब दिसतोय."

त्या हसल्या, आणि हसता हसताच रडायला लागल्या. मग त्यांनी मला शेजारी ओढलं, माझा हात माऊसवर ठेवला आणि वर स्वतःचा ठेवला.

"माझा हात आहे वर, तुला दोष नाही. तूच कर. त्याच्या आठ्या तुला ठाऊक असणार, तूच तर पाडल्यास."

पुसलेलं मी परत आणलं. व्रण आला. चमकेखाली हरवलेल्या आठ्या मी एकेक करून ओढू लागले. आत्यांचे अश्रू माझ्या मनगटावर पडत होते. आता मलाही रडू येईल, असं वाटून मी वाट पाहिली.

"बाबांचं कपाळ हाताला कसं लागायचं हो?" मी विचारलं.

"खरबरीत. आणि नेहमी ऊनऊन असायचं."

माझ्या हाताखाली माऊस होता, गुळगुळीत. मी शेवटची आठी ओढली आणि फोटो छापायला दिला.