सेनापतीच्या आडून

वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर शनिवारी सात-आठ पुरुष जमून एक जुनं युद्धकाव्य वाचायचे. वाचन घेणाऱ्या बाईंचा एकच नियम होता: स्वतःविषयी बोलायची सक्ती नाही, मनात काय असेल ते सेनापतीच्या नावावर खपवा. पुरुषांना हे भलतंच सोयीचं पडलं. घरी तोंडाला कुलूप लावून बसणारे बाप्ये इथे सेनापतीच्या दुःखावर तासभर बोलत.

वेल्डरला इथे आणलं ते त्याच्या दोस्ताने, त्याच्याच कारखान्यातल्या फिटरने. सुरुवातीला वेल्डर नुसताच मख्खासारखा बसायचा. मग सेनापतीचा बाप छावणीत मरणाला टेकतो तो भाग आला, आणि गडी एकदम बोलता झाला.

"सेनापती भ्याला हो! बाप आत शेवटचे श्वास घेतोय आणि हा जिन्यावर उभा. पाय उचलेचना त्याचा."

छावणीत जिना कुठला, हे सगळ्यांच्या लक्षात आलं; पण बाईंनी सरळ पुढचं कडवं वाचायला घेतलं. त्या रात्री वेल्डर कित्येक महिन्यांनी गाढ झोपला.

सोमवारी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत तिथल्या पेंटरने डबा उघडता उघडता विचारलं, "काय सेनापती, जिन्यावरच जेवणार, की येताय आत?" सगळं टेबल खिदळलं. फिटर तेवढा मान खाली घालून जेवत राहिला. वेल्डरने डबा झाकून ठेवला. कारखान्यातून वाचनाला जाणारे ते दोघेच. ज्याने हाताला धरून नेलं, त्यानेच चव्हाट्यावर आणलं होतं. पेंटरचा त्याला रागही आला नाही. परक्याचा काय राग धरायचा?

पुढच्या शनिवारी तो गेला तो भांडायलाच. पण फिटरनेच आधी तोंड उघडलं, पुस्तकावर बोट ठेवून.

"सेनापतीचा मित्र मनाने वाईट नव्हता. चार लोकांत हशा पिकवायच्या नादात बोलून गेला बिचारा."

"सेनापतीला मध्ये घेऊ नकोस," वेल्डर म्हणाला. "माझ्याकडे बघून बोल."

फिटरची मान वर होईना. बाई काहीतरी बोलणार होत्या, त्यांना वेल्डरने हातानेच थांबवलं.

"मग मीच बोलतो. बाबांनी मला हाक मारली होती. दोनदा. मी ऐकली आणि ओ दिली नाही. हे तुला ठाऊक नव्हतं, म्हणून सांगायचं राहून गेलं तुझं. सोमवारी तेवढं सांगून टाक."